नव्या गाडीचं ऑइल दर वेळी वेगळं का दाखवतं?

गाडी घेऊन सहा आठवडे झाले होते, रनिंग ११०० किलोमीटर. साताऱ्याहून पुण्याला येताना हायवेवरच्या एका पंपावर थांबलो. पेट्रोल भरून होईपर्यंत तिथला पोरगा म्हणाला, "साहेब, बॉनेट उघडा, पाणी-ऑइल बघून देतो." नव्या गाडीची हौस, मी लगेच उघडलं. त्याने डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी मोजायची पट्टी, ओढली, पुसली, परत आत घातली, ओढली आणि माझ्या नाकासमोर धरली. खालच्या खुणेच्या वर जेमतेम पाच मिलिमीटर ऑइल. "नवीन गाडी ना? ऑइल खातीय साहेब. अर्धा लिटर टाकू?"

डब्यावरची ग्रेड (ऑइल किती घट्ट-पातळ ते) तेवढी वाचली आणि टाकू दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये, गाडी रात्रभर गार झालेली असताना, सहज म्हणून पट्टी काढली. ऑइल वरच्या खुणेच्याही आठ मिलिमीटर वर! आमच्या गाडीच्या पट्टीवर मिन आणि मॅक्स यांच्यात वीस मिलिमीटरचं अंतर आहे. म्हणजे मिनपासून मोजायचं तर काल ५, आज २८. पुस्तिकेप्रमाणे त्या वीस मिलिमीटरमध्ये साधारण एक लिटर ऑइल मावतं, म्हणजे एक मिलिमीटरला ५० मिली. अर्धा लिटर टाकलं तर पट्टी दहा मिलिमीटरने वाढायला हवी. ही तेवीसने वाढली होती.

उरलेले तेरा मिलिमीटर आले कुठून, हे शोधण्यात माझे तीन रविवार गेले. तोच हिशोब इथे मांडतो. "नव्या गाडीचं ऑइल कधी कमी, कधी जास्त दाखवतं" ही तक्रार मी नंतर इतक्या जणांकडून ऐकली की आपण एकटेच बावळट नाही याचं समाधान वाटलं. आकडे माझ्या गाडीचे आहेत: तीन सिलिंडरचं एक लिटर टर्बो पेट्रोल इंजिन, फिल्टर धरून ३.६ लिटर ऑइल. तुमच्या गाडीचे वेगळे असतील, ते पुस्तिकेत मिळतात.

पहिला रविवार: सर्व्हिस ॲडव्हायझरला फोन केला. "सर, नवीन गाडीत ऑइल बघायचं नसतं, पहिल्या सर्व्हिसला आम्ही बघतो." हे वाक्य तुम्हालाही ऐकवलं जाईल. मनावर घेऊ नका. पुस्तिकेत "ऑइल अधूनमधून तपासा, लांबच्या प्रवासाआधी नक्की तपासा" अशा अर्थाची ओळ बहुतेक असतेच. शिवाय नव्या इंजिनात ते जास्तच बघायचं असतं, कारण पिस्टनच्या रिंगा अजून सिलिंडरच्या भिंतीशी नीट बसलेल्या नसतात आणि त्या काळात थोडं ऑइल जळतं. पहिली सर्व्हिस बहुतेक ठिकाणी १००० किमी किंवा महिनाभराने असते आणि तेव्हा नुसती तपासणी होते, ऑइल बदललं जात नाही. बदल होतो तो साधारण १०,००० किमी किंवा वर्षाने. मधल्या काळात पट्टीकडे बघणारे तुम्हीच.

मग आमच्या ओळखीच्या गॅरेजवाल्या चाचांना विचारलं. त्यांनी गाडी बघितलीसुद्धा नाही. "पंपावर गाडी बंद करून किती वेळ झाला होता?" म्हटलं, तीन-चार मिनिटं. "आणि घरी गाडी कुठे उभी करता?" पार्किंगमध्ये. "पार्किंग सपाट आहे का?" म्हटलं, अर्थात. चाचा हसले. "एक गोटी टाकून बघा."

मुलाची गोटी घेतली, गाडीमागच्या फरशीवर ठेवली. क्षणभर थांबली, मग निघाली ती सरळ भिंतीकडेच्या पावसाच्या पाण्याच्या जाळीपर्यंत. दहा वर्षं त्या पार्किंगमध्ये गाडी लावतोय, उतार कधी जाणवला नव्हता. त्या आठवड्यात सोसायटीत वॉटरप्रूफिंगचं काम चालू होतं, गवंड्याकडे पाण्याची लेव्हल घ्यायची पारदर्शक नळी होती. ती मागून घेतली, एक टोक पुढच्या चाकापाशी, एक मागच्या चाकापाशी. फरक साडेसात सेंटिमीटर! पाणी तुंबू नये म्हणून पार्किंगला असा ढाळ मुद्दाम देतात. बिल्डरची चूक नव्हती, माझ्याच डोक्यात आलं नव्हतं.

ऑइल इंजिनाच्या तळाशी असलेल्या चेंबरमध्ये साठलेलं असतं. परातीत पाणी घेऊन एक कड किंचित उचलली तर उचललेल्या बाजूला पाणी उथळ होतं, खालच्या बाजूला खोल. चेंबरचंही तसंच. आमच्या गाडीत डिपस्टिक इंजिनाच्या पुढच्या बाजूला आहे. त्या सकाळी मी गाडी रिव्हर्समध्ये लावलेली होती, तोंड जाळीच्या बाजूला म्हणजे उताराकडे. ऑइल पुढे सरकलं आणि पट्टी खरं होतं त्यापेक्षा जास्त भिजली.

सपाट जागा शोधत बसण्यापेक्षा चाचांनी एक सोपी युक्ती सांगितली, ती मला फार आवडली. पाणसळ खरी आहे का हे बघायला गवंडी ती उलटी फिरवून परत ठेवतो ना? तसंच गाडीचं करायचं. त्याच जागी एकदा तोंड आत, एकदा तोंड बाहेर अशी गाडी लावायची, दोन्ही वेळा रात्रभर गार होऊ द्यायची आणि दोन्ही आकड्यांची सरासरी घ्यायची. चाकं दोन्ही वेळा त्याच फरशांवर हवीत, मी खडूने खुणा केल्या. रिव्हर्स लावून २८, तोंड आत घालून २०. खरी पातळी २४. ऑइलचा थेंबही न घालता-काढता नुसती गाडी फिरवून आठ मिलिमीटरचा फरक, म्हणजे ४०० मिली!

म्हणजे तेरापैकी चार मिलिमीटर पार्किंगच्या उताराचे निघाले. टाकलेलं अर्धा लिटर वजा केलं तर पंपावर पोहोचलो तेव्हा गाडीत ऑइल १४ वर होतं. वीसपैकी चौदा. काहीच कमी नव्हतं.

पोराने दाखवलेले पाच कुठून आले मग? थोडा वाटा पंपाच्या आवाराच्या ढाळाचा, तिथेही पाणी वाहून जायला उतार असतोच. बाकीचा सगळा घाईचा. इंजिन चालू असताना बरंचसं ऑइल वर असतं: हेडमध्ये, कॅमशाफ्टभोवती, टर्बोत, बारीक वाहिन्यांत. गाडी बंद केल्यावर ते थेंबाथेंबाने खाली उतरतं. तीन मिनिटांत अर्धंमुर्धं उतरलेलं असतं. उलट दिशेने काम करणारी आणखी एक गोष्ट आहे, उष्णता. ऑइल तापलं की फुगतं, दर अंशाला साधारण ०.०७ टक्के. २५ अंशांचं ऑइल ९० अंशांवर गेलं तर ३.६ लिटरचं साधारण एकशे साठ मिलीने वाढतं, म्हणजे पट्टीवर तीन मिलिमीटरहून किंचित जास्त. म्हणून गरम इंजिन बंद करून लगेच बघितलं तर कमी, पंधरा मिनिटांनी बघितलं तर थोडं जास्त आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत किंचित कमी. तिन्ही वेळा ऑइल तेवढंच.

गाडी बंद केल्यावर किती थांबायचं हे पुस्तिकेत दिलेलं असतं. बहुतेक कंपन्या इंजिन गरम करून, बंद करून, पाच-दहा मिनिटं थांबायला सांगतात आणि पट्टीवरच्या खुणा त्या हिशोबाने असतात. मी मात्र सकाळी, चावी न लावता बघतो. रात्रीत सगळं ऑइल खाली उतरलेलं असतं, पट्टीच्या नळीच्या भिंतीही निथळलेल्या असतात आणि घाई नसते. गरम मोजमापापेक्षा माझा आकडा एक-दोन मिलिमीटर कमी येतो, पण तो नेहमीच तेवढा कमी येतो. त्यामुळे आज आणि महिन्यापूर्वी यांची तुलना करता येते.

जास्त झालेलं ऑइल

आता गाडीत २४, मॅक्सपेक्षा चार मिलिमीटर वर, म्हणजे २०० मिली जास्त. "थोडं जास्त असलेलं बरं" असं आपल्याकडे बरेच जण मानतात. स्वयंपाकघरातल्या तेलाला ते लागू असेल, इथे नाही. फारच जास्त झालं तर इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा, क्रँकशाफ्ट, ऑइलमध्ये बुडतो, ते घुसळतो आणि फेस होतो. फेसात हवा असते आणि हवेचं वंगण होत नाही. शिवाय जादा ऑइल इंजिनाच्या श्वासनळीतून हवा आत घेणाऱ्या इनटेकमध्ये जातं आणि जळतं, पुढे धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला त्रास. २०० मिलीने लगेच इंजिन फुटणार नव्हतं, पण नव्या गाडीत ते ठेवायला मन तयार होईना.

चेंबरचा नट खोलायची गरज नाही. मेडिकलमधून ५० मिलीची सिरिंज आणि सलाईनची नळी आणली. इंजिन कोमट असताना (गरम असेल तर नळी मऊ पडते, हात भाजतो तो वेगळाच) पट्टी काढून तिच्या जागी नळी हळूहळू आत सोडली. चेंबरच्या तळाला टेकली की हाताला कळतं. सिरिंजचा दट्ट्या ओढायला ताकद लागते, ऑइल मधासारखं सावकाश वर चढतं. सहा वेळा ओढलं, ३०० मिली एका स्वच्छ बाटलीत. दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा १८. तीनशे मिलीला सहा मिलिमीटर, हिशोब चोख लागला. तो चोख लागला म्हणूनच आपण बरोबर मोजतोय यावर माझा विश्वास बसला. काढलेलं ऑइल गटारात ओतू नका, गॅरेजवाले जुनं ऑइल साठवतात, त्यांच्याकडे द्या.

पट्टी वाचायची कशी

हे किरकोळ वाटतं, पण निम्मा घोळ इथेच होतो. नवं ऑइल इतकं नितळ असतं की चकचकीत पट्टीवर दिसतच नाही. पट्टी पांढऱ्या टिश्यू पेपरवर आडवी टेकवा, ऑइलची कड कागदावर उमटते. किंवा पट्टी आडवी धरून सकाळच्या तिरप्या उन्हात फिरवा: कोरडा भाग आणि ओला भाग वेगळे चमकतात. पट्टी उभी, टोक वर करून धरू नका, ऑइल ओघळून खोटी पातळी दाखवतं.

पट्टीला दोन बाजू असतात आणि दोन्हींवर आकडा वेगळा येऊ शकतो. आत जाताना ती नळीला घासते आणि नळीतलं ऑइल एका बाजूला वरपर्यंत पुसलं जातं. सलग, सरळ रेषेत भिजलेली जी बाजू कमी दाखवते ती धरायची. वरचे तुटक डाग, ओघळ मोजायचे नाहीत. पुसायला जुन्या सुती धोतराचा किंवा बनियनचा तुकडा घ्या. गॅरेजात सुताचं वेस्ट वापरतात, त्याचे धागे पट्टीला चिकटून आत जातात. आणि परत घालताना पट्टी पूर्ण बसली पाहिजे. टोपी "टक" करून बसली नाही तर तीन-चार मिलिमीटरची चूक तिथेच होते. मीही एकदा ती केली आहे.

सर्व्हिसनंतरच्या मोजमापात एक खास फसगत असते. ऑइल बदलताना फिल्टर नवा म्हणजे रिकामा असतो. ऑइल ओतून इंजिन सुरू न करताच पट्टी बघितली तर पातळी मस्त दिसते. इंजिन मिनिटभर चाललं की फिल्टर दोन-तीनशे मिली पिऊन टाकतो आणि पट्टी चार-सहा मिलिमीटर खाली येते. घरी येऊन बघणारा म्हणतो, सर्व्हिस सेंटरने ऑइल कमी टाकलं. उलटही होतं: गाडी लिफ्टवर पुरती निथळू न देता ठरलेल्या मापाचं ऑइल गनने भरलं तर जुनं उरलेलं अधिक नवं, बेरीज मॅक्सच्या वर. म्हणून सर्व्हिस सेंटरच्या आवारातच, इंजिन एकदा चालवून, बंद करून, दहा मिनिटांनी बघायचं आणि मगच बिलावर सही.

चार महिन्यांची वही

१२०० किमीपासून मी पंधरवड्यातून एकदा आकडा लिहायला लागलो. जागा तीच, खडूच्या खुणा त्याच, गाडीचं तोंड नेहमी आत, आलेल्या आकड्यात चार मिळवायचे. १२०० ला १८. २५०० ला १७. बायकोने वही बघून "बाळाचं वजनसुद्धा तू इतक्या नेमाने लिहिलं नव्हतंस" म्हटलं, ते खरं आहे.

मग थंडी आली आणि वहीने चक्रावून टाकलं. डिसेंबर-जानेवारीत गाडी फक्त ऑफिसला: जायला तीन किलोमीटर, यायला तीन. २९०० किमीला आकडा १९. कुणी ऑइल टाकलेलं नाही आणि पातळी दोन मिलिमीटर वर! पट्टीचा वास घेतला तर पेट्रोलचा हलका वास. फेब्रुवारीत लग्नासाठी नागपूरला गेलो, जाऊन-येऊन आणि तिथलं फिरणं धरून दीड हजार किलोमीटर, बराचसा समृद्धी महामार्गावरून. परतल्यावर ४४०० ला आकडा १४. एका प्रवासात पाच मिलिमीटर, पाव लिटर ऑइल गायब. चार दिवस जीव टांगणीला.

चाचांनी वही बघितली आणि म्हणाले, "ऑइल नाही गेलं, पेट्रोल गेलं." गार इंजिनाला सुरुवातीला जास्त पेट्रोल लागतं आणि त्यातलं थोडं न जळता सिलिंडरच्या भिंतीवरून, रिंगांच्या फटीतून खाली ऑइलमध्ये उतरतं. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या टर्बो इंजिनात हे जास्त होतं. तीन किलोमीटरच्या फेरीत ऑइल पुरतं तापतच नाही, त्यामुळे आलेलं पेट्रोल आतच राहतं. एकीकडे थोडं ऑइल जळत असतं, दुसरीकडे पेट्रोल साठत असतं, पट्टी म्हणते सगळं ठीक. मग लांबचा प्रवास होतो, ऑइल तासन् तास नव्वद-शंभर अंशांवर राहतं, साठलेलं पेट्रोल वाफ होऊन निघून जातं आणि दोन महिन्यांचा लपलेला खर्च एका फटक्यात दिसतो. लोक म्हणतात, हायवेला पळवली म्हणून ऑइल खाल्लं.

खरा हिशोब १२०० च्या अठरापासून ४४०० च्या चौदापर्यंत धरायचा. ३२०० किमीत चार मिलिमीटर म्हणजे २०० मिली, हजार किलोमीटरला साधारण साठ. नव्या इंजिनाला हे काहीच नाही. काही कंपन्यांच्या पुस्तिकांत तर हजार किलोमीटरला अर्धा लिटर, काहींत चक्क एक लिटरपर्यंतचा खप सामान्य धरलेला असतो. पुढे ९६०० किमीला आकडा ११ आला, म्हणजे ५२०० किमीत १५० मिली. हजाराला तीसच्या आत. रिंगा बसल्या.

यातून घरगुती उपाय एकच: रोजची फेरी छोटी असेल तर आठवड्यातून एकदा गाडी अर्धा-पाऊण तास सलग चालवा. सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन भजी खाऊन आलात तरी चालेल. आणि पातळीची तुलना करायची तर दोन लांबच्या प्रवासांनंतरच्या आकड्यांची करा.

डिझेलवाल्यांचं दुखणं वेगळं. देशभर १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराच्या प्रदूषणाचं मानक लागू झालं, तेव्हापासून डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर आहे. साठलेली काजळी जाळायला बऱ्याच इंजिनांत सिलिंडरमध्ये जादा डिझेल फवारलं जातं. ते जळण चालू असताना गाडी बंद केली, आणि शहरात ती वारंवार बंद होते, तर त्यातलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. नाशिकच्या एका मित्राच्या गाडीत तीन महिन्यांत पातळी मॅक्सच्या वर गेली होती. पेट्रोलसारखं हे डिझेल हायवेवर सहज उडून जात नाही, कारण ते उकळायलाच दोनशे-तीनशे अंश लागतात. त्याला ऑइल बदलावंच लागलं. डिझेलची पातळी वाढत असेल तर ती कमी होण्यापेक्षा गंभीर धरा. सिग्नलला इंजिनाचा आवाज किंचित चढा वाटला, गाडी बंद केल्यावर पंखा जोरात फिरत राहिला, तर जळण चालू होतं असं समजा आणि जमलं तर आणखी पंधरा-वीस मिनिटं मोकळ्या रस्त्यावर चालवून या. डिझेलचं ऑइल बदलल्यावर दोन दिवसांत काळं होतं, त्याची मात्र काळजी नको, ती काजळी असते.

आकडा खरोखर उतरत असेल तर

एकाच पद्धतीने घेतलेले तीन-चार आकडे सलग उतरत असतील तर ऑइल एकतर सांडतंय किंवा जळतंय. सांडणं आधी बघा, ते सोपं आहे. रात्री इंजिनाखाली फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा पसरा. एसीचं पाणी वाळून जातं, कुलंटचा (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचा) डाग हिरवट किंवा गुलाबी, ऑइलचा मधाच्या रंगाचा आणि बोटाला बुळबुळीत. पण हल्लीच्या गाड्यांना खालून प्लास्टिकचं आच्छादन असतं, थोडी गळती त्यातच साठते आणि पुठ्ठा कोरडा राहतो. सर्व्हिसला गाडी लिफ्टवर असताना ते आच्छादन काढून दाखवायला सांगा. ऑइल बदलल्यानंतरची गळती बहुतेक वेळा ड्रेन नटाच्या वॉशरची किंवा नीट न आवळलेल्या फिल्टरची असते.

जळत असेल तर धूर निळसर येतो. खंबाटकीसारखा घाट गिअरमध्ये उतरून खाली आल्यावर एकदम ॲक्सिलरेटर दिला आणि आरशात मागे निळा पुंजका दिसला, तर व्हॉल्व्हच्या सीलकडे किंवा रिंगांकडे संशय जातो. उतारावर इंजिनाच्या ब्रेकने सिलिंडरमध्ये ओढ तयार होते आणि ऑइल खेचलं जातं. पावसाळ्यात ऑइलच्या झाकणाखाली फिकट पिवळी साय दिसली तर बहुधा ती दमट हवेची आणि छोट्या फेऱ्यांची करामत असते. सोबत कुलंटची पातळीही घटत असेल तर मात्र गाडी चालवू नका, गॅरेजला फोन करा.

पातळी मॅक्सवरून मिनवर यायला हजार-दीड हजार किलोमीटरही लागत नसतील तर सर्व्हिस सेंटरला जा आणि तक्रार जॉब कार्डवर लिहून घ्या. तोंडी सांगून "ओके सर, बघतो" ऐकून परत येऊ नका. खपाची चाचणी मागा: ते ऑइल मॅक्सपर्यंत भरतात, झाकण-नटांना सील किंवा खूण करतात, तुम्ही हजार किलोमीटर चालवून आणता, मग मोजतात. वॉरंटीत पुढे जे काही होईल ते याच कागदावर ठरतं. मध्ये टॉप-अप केलं असेल तर बिल जपा आणि ग्रेड पुस्तिकेतलीच ठेवा. ०डब्ल्यू-२० सांगितलं असताना पंपावर मिळालं म्हणून २०डब्ल्यू-५० ओतणं म्हणजे वॉरंटीवाल्यांच्या हातात आयतं कारण देणं. माझ्या डिकीत आता त्याच ग्रेडचा एक लिटरचा डबा, नरसाळं आणि बनियनचा तुकडा असतो. पंपावर बॉनेट उघडत नाही.

लाल दिव्याबद्दल मात्र सगळ्यांनी नीट ऐका. डॅशबोर्डवर किटलीच्या आकाराचा लाल दिवा लागला तर तो ऑइलचा दाब गेल्याचा दिवा आहे, पातळीचा नाही. "ऑइल कमी आहे, घरी जाऊन टाकू" हा विचार तिथे करायचा नसतो. गाडी बाजूला घ्या आणि तत्काळ इंजिन बंद करा, मग पट्टी बघा. पातळी ठीक असली तरी पुन्हा सुरू करू नका, टोइंग बोलवा. काही गाड्यांत पातळीसाठी वेगळा पिवळा दिवा असतो, त्याला थोडी सवड असते. काही महागड्या जर्मन गाड्यांत डिपस्टिकच नसते, सगळं स्क्रीनवर दिसतं. तिथेही गाडी सपाट जागी आणि इंजिन पुरतं तापलेलं लागतंच, नाहीतर स्क्रीन आकडा द्यायलाच तयार होत नाही. शेजारच्या इलेक्ट्रिकवाल्याला यातलं काहीच नाही, तो माझी वही बघून रोज हसतो.

९८०० किमीला पहिलं ऑइल बदललं. मेकॅनिकने गाडी लिफ्टवरून उतरवली, सर्व्हिसच्या गाळ्याच्या तोंडाशी उतारावर आणून उभी केली आणि पट्टी काढायला हात घातला. मी खिशातून गोटी काढून जमिनीवर ठेवली. गोटी रस्त्याकडे निघाली. तो माझ्याकडे बघत राहिला, मग काही न बोलता गाडी आत सपाट जागी घेतली, इंजिन दोन मिनिटं चालवलं, बंद केलं. दहा मिनिटं आम्ही दोघांनी चहा घेतला. पट्टीवर १९ आले.